नोटिशीच्या आधी तुम्ही पोचा

वाचकाचं पत्र, थोडक्यात : वय ५८. डोंबिवलीत राहतात, नुकतेच निवृत्त झालेत. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गावी वडिलोपार्जित जागेत लहानसं घर बांधायचं आहे. जागा १८ आर. सातबाऱ्यावर त्यांच्या आणि चुलत भावाच्या कुटुंबाची नावं एकत्र आहेत. चाळीसेक वर्षांपूर्वी वडील आणि काका यांनी तोंडी वाटणी केली आणि मधे चिऱ्यांचा गडगा (दगडी कुंपण) घातला. तेव्हापासून अलीकडची बाजू यांची, पलीकडची भावाची. भाऊ (सगळे त्यांना दादा म्हणतात) गावातच राहतात, दोन्ही बाजूंची देखभाल तेच करतात. आता इंजिनिअर सरकारी मोजणीचा नकाशा मागतोय. दादांना सांगितलं तर ते म्हणाले, "गडगा आहे की. मोजणी आणलीस तर समज आपलं येणंजाणं संपलं." पत्नीचं मत आहे की नातं तोडून घर बांधण्यात अर्थ नाही. इंजिनिअरने मधला मार्ग सुचवलाय : खासगी सर्व्हेअर बोलवू, मशीनवर मोजून घेऊ, गडग्यापासून दहा फूट सोडून बांधकाम करू, कुणाला कळणारही नाही. वाचक विचारतात, "मोजणी आणावी की नातं सांभाळावं?"

सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र वाचल्यावर पहिली शंका आली ती मोजणीबद्दल नव्हे, तुमच्या प्रश्नाबद्दल. मोजणी आणावी की नाही, असं तुम्ही विचारताय. पण मोजणी कशाची आणणार? हद्द कायम मोजणीचा अर्ज केलात तर भूमी अभिलेखचा भूकरमापक (सरकारी मोजणीदार) येईल आणि त्या १८ आरच्या बाहेरच्या चार बाजू दाखवून जाईल. तुमच्या आणि दादांच्या मधली हद्द तो दाखवू शकणार नाही, कारण सरकारी दप्तरात ती नाहीच. सातबारा सामायिक आहे, हिस्सा नंबर एक आहे. गडगा दिसला तर फार तर 'वहिवाट' म्हणून नकाशावर येईल. म्हणजे शुल्क भरून, दादांचा राग ओढवून तुमच्या हातात जो नकाशा पडेल, त्यात इंजिनिअरला हवी असलेली रेघच नसेल.

हे तुमच्या एकट्याचं नाही. मुंबई-ठाण्यातून गावी घर बांधायला निघालेल्या कितीतरी चाकरमान्यांची गाडी इथेच अडते. घाटावर निदान एकत्रीकरण होऊन गट नंबर पडले. रत्नागिरी-सिंधुदुर्गात अजून सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर आणि एकेका सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावं. तुमच्याकडे दोनच कुटुंबं आहेत, हे नशीब समजा.

तेव्हा तुम्हाला आधी हवी आहे ती वाटणी. मोजणी तिच्या मागून येते.

"वाटणी झालीच आहे, बाबा आणि काकांनी केली," असं तुम्ही म्हणाल. खरं आहे, आणि तोंडी वाटणी कायद्याला अगदी अमान्य असते असंही नाही. पण ती सिद्ध करायची वेळ आली की साक्षीदार कोण? करणारे दोघेही गेले. उरला गडगा. आणि गडगा घालताना माणसं काय बघतात ते मी लहानपणापासून पाहत आलेय. गुरं कुठून शिरतात, चिरे कुठे सोपे पडतात, मधला फणस कसा चुकवायचा. तुम्हीच पत्राच्या शेवटी लिहिलंय की तुमचा गडगा फणसाशी 'जरा वळसा घेतो'. तो वळसा कुणाच्या बाजूला, हे लिहिलेलं नाही. दादांना ते नक्की माहीत असणार.

इथे आकड्यांचं थोडं बोलू, कारण पत्रात तुम्ही एकदा '१८ आर' आणि एकदा '१८ गुंठे' लिहिलंय. ही गल्लत जवळजवळ प्रत्येक पत्रात असते. आर म्हणजे १०० चौरस मीटर. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट, म्हणजे आरपेक्षा किंचित मोठा. तुमच्या वाट्याला निम्मे ९ आर आले तर ते ९,६८८ चौरस फूट. ९ गुंठे असते तर ९,८०१. फरक ११३ चौरस फुटांचा, म्हणजे दहा बाय अकराची एक खोली. ती खोली कुणी चोरलेली नसते, ती फक्त बोलण्यातली असते. पण दोन भावांपैकी एक आर धरून मोजतो आणि दुसरा गुंठे धरून, आणि मग 'तू माझी जागा खाल्लीस' सुरू होतं. शिवाय सातबाऱ्यावर पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारा भाग, वेगळा दाखवला असेल तर तोही बघा. कातळाचा भाग कुणाच्या वाट्याला, हा कोकणात किरकोळ प्रश्न नाही.

आणखी एक. तो ३३ फुटांचा आकडा आला साखळीतून. जुन्या मोजणीची साखळी ३३ फुटांची आणि तिचे भाग १६ आणे. म्हणजे एक आणा साधारण दोन फुटांचा. मोजणी ऑफिसात तुमच्या सर्व्हे नंबरचं जुनं टिपण (मूळ मोजणीचा कागद) निघालं, तर त्यात अंतरं साखळी आणि आण्यांत दिसतील. आता मशीन मिलिमीटर सांगतं, रोव्हर उपग्रहावरून जागा पकडतो, पण ज्या मूळ कागदाशी हे सगळं जुळवायचं त्याचं सगळ्यात लहान माप दोन फुटांचं! सहा इंचांवरून वर्षानुवर्षं बोलणं टाकलेल्या भावकीला हे एकदा सांगून बघावंसं मला नेहमी वाटतं.

आता इंजिनिअरचा मधला मार्ग. त्यातला अर्धा चांगला आहे. खासगी सर्व्हेअरकडून टोटल स्टेशनवर, म्हणजे मोजणीच्या मशीनवर, जागा मोजून घ्याच. जमिनीचा उतार, झाडं, विहीर, विजेचा खांब, पावसाचं पाणी कुठून वाहतं, हे सगळं त्यात येतं आणि कोकणातल्या उताराच्या जागेवर त्याशिवाय जोत्याची उंची ठरवणं म्हणजे अंदाजपंचे. पण ही मोजणी तुमच्या घराची सोय बघते. हद्दीचा वाद झाला तर तो नकाशा समोर ठेवून कुणी निकाल देणार नाही. मोबाईलवर सरकारी नकाशा उघडून, निळा ठिपका बघत गडग्यावरून चालण्याचा उद्योगही नको. फोनचं जीपीएस चांगल्या उघड्या जागी चार-पाच मीटर इकडेतिकडे दाखवतं, फणसाखाली तर विचारू नका.

उरलेला अर्धा, 'कुणाला कळणारही नाही', हा मात्र सोडून द्या. सामायिक जमिनीच्या कणाकणात दादांचा हिस्सा आहे, गडग्यापासून दहा फूट सोडा नाहीतर पन्नास. जोतं वर आल्यावर त्यांनी दिवाणी कोर्टातून मनाई आणली, तर लोखंड गंजत पडेल आणि तुमचे निवृत्तीचे पैसेही त्यात अडकतील. 'एकदा घर झालं, ग्रामपंचायतीत नमुना ८ ला नाव लागलं की झालं' असंही गावात कुणीतरी सांगेलच. नमुना ८ हा घरपट्टीचा कागद आहे, त्याने जमिनीची मालकी येत नाही. आणि 'गावात आता परवानगीच लागत नाही' असं सांगणारे भेटले तर त्यांना विचारा, कुठल्या भूखंडाला? ती सवलत १५० आणि ३०० चौरस मीटरपर्यंतच्या लहान भूखंडांसाठीची, तिथेही मालकीचे कागद लागतातच. तुमचा निम्मा हिस्साच ९०० चौरस मीटर आहे.

बिनशेतीचंही विचारून घ्या. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जागांसाठी जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ४२-ड ने काम बरंच सोपं केलं होतं, ती तरतूद आज तशीच आहे का तेही बघा. पण कोकणातल्या पुष्कळ वाड्यांत गावठाण जाहीरच झालेलं नाही. त्यामुळे शेजारच्या तालुक्यातल्या मित्राला मिळालं म्हणजे तुम्हालाही मिळेल असं धरून चालू नका. तहसील कार्यालयात सर्व्हे नंबर सांगून विचारलंत तर कळेल.

आता दादांकडे येते. मला त्यांचं म्हणणं पत्रात फार थोडं दिसलं, एकच वाक्य. तेही रागाचं. पण चाळीस वर्षं दोन्ही बाजूंची राखण त्यांनी केली, हेही तुम्हीच लिहिलंय. गडगा ढासळला की चिरे कुणी रचले? तुमच्या बाजूची कलमं कुणी लावली, कुणी शिंपली? आणि त्यांचा गोठा गडग्याला लागून आहे, हे तुम्ही जाता जाता लिहून गेलात. मला वाटतं तुमचं उत्तर त्या गोठ्यात आहे. गोठ्याची मागची भिंत किंवा शेणखताचा खड्डा मोजणीत तुमच्या बाजूला निघेल ही भीती असलेला माणूस 'मोजणी नको' असंच म्हणणार. तो 'माझा गोठा जाईल का रे?' असं धाकट्या भावाला विचारणार नाही.

त्यात मोजणीची पद्धतही अशी की, माणूस दुखावलाच पाहिजे. अर्जात लगतच्या कब्जेदारांची आणि सहधारकांची नावं-पत्ते द्यावे लागतात, मग ऑफिसातून त्यांना नोटीस जाते. नोटीस हा नियमाचा भाग आहे, ती न पाठवता केलेली मोजणी पुढे टिकत नाही. पण सकाळी चहा पिताना पोस्टमन आला आणि आपल्याच भावाचं नाव 'अर्जदार' म्हणून वाचायला मिळालं, की त्या घरात त्या दिवशी काय बोललं जात असेल? बऱ्याच भावकीत संबंध तुटतात ते फूटपट्टीने नव्हे, या पाकिटाने. म्हणून कुठलाही अर्ज करण्याआधी तुम्ही स्वतः जा. फोनवर नको, व्हॉट्सॲपवर तर मुळीच नको.

आणि गेल्यावर 'मोजणी' या शब्दाने सुरुवात करू नका. घराने करा. "दादा, म्हातारपणी इथे येऊन राहायचं म्हणतोय, तुझ्या शेजारी. गडगा आहे तो आपल्या दोघांना कळतो. उद्या तुझा मुलगा पुण्यात आणि माझी मुलगी बंगळूरला, त्यांना कोण सांगणार फणसाशी वळसा का आहे ते? आपण दोघं आहोत तोवर कागद करून ठेवू." आणि लगेच, त्यांनी विचारायच्या आधी : "गोठा आहे तिथेच राहील. तू लावलेली कलमं तूच काढायचीस." हे द्यायची तुमची तयारी नसेल तर जाऊच नका, कारण मग ते बोलणं नसून नोटीसच आहे, तोंडी.

वाटणी अगदी निम्मी-निम्मी झाली पाहिजे, हाही आग्रह तपासून बघा. गोठ्यामागची दीड-दोन आर जागा दादांकडे गेली आणि बदल्यात तुम्हाला रस्त्याकडचा तुकडा मिळाला, तर नकाशावर तुमचं क्षेत्र कमी दिसेल, पण घराला वाट मिळेल. वाटेचं तुम्ही पत्रात काहीच लिहिलेलं नाही! आता तुम्ही दादांच्या खळ्यातून जाता ना? आज कुणी अडवत नाही, कारण जागा सामायिक आहे. हिस्से वेगळे झाल्यावर ती वाट दुसऱ्याच्या जमिनीतली होते. म्हणून वाट किती फूट रुंद, सिमेंटचा ट्रक जाईल का, विहिरीवर दोघांचा पंप बसेल का, फणस कुणाचा, हे सगळं वाटणीपत्रात शब्दांत लिहा. मोजणीच्या नकाशावर रेघा येतात, हक्क लिहावे लागतात.

खासगी सर्व्हेअरचा खरा उपयोग इथे आहे. त्याच्या नकाशाच्या दोन प्रती काढा, एक दादांना द्या आणि दोघांनी मिळून जागेवर सुतळी बांधून बघा. कागदावर सरळ दिसणारी रेघ जागेवर विहिरीच्या काठातून जाते, असं नेहमी होतं. तीन-चार वेळा सुतळी हलेल. हलू दे.

मग पुढचा क्रम. वाटणीपत्र करून दुय्यम निबंधकाकडे नोंदवायचं. शेतजमिनीच्या वाटणीपत्राला मुद्रांक शुल्क १०० रुपये आहे आणि नोंदणी शुल्क शासनाने २०२५ मध्ये माफ केलंय. सगळ्यांची संमती असेल तर जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडूनही वाटप करून घेता येतं. नंतर पोटहिस्सा मोजणी (वेगळ्या झालेल्या हिश्श्यांची), कमी-जास्त पत्रक (क्षेत्रातल्या बदलाची नोंद), फेरफार आणि सरतेशेवटी दोन वेगळे सातबारे. साधी हद्द कायम मोजणी ग्रामीण भागात २ हेक्टरपर्यंत नियमितला २,००० आणि द्रुतगतीला ८,००० रुपये असे दर २०२४ अखेर ठरले. पण एकत्र कुटुंबातल्या नोंदणीकृत वाटणीची पोटहिस्सा मोजणी २०२५ मध्ये प्रति पोटहिस्सा २०० रुपयांवर आणली आहे. आधी वाटणी, मग मोजणी असा क्रम धरल्याने पैसेही वाचतात.

इथे एक अवघड गोष्ट विचारते. तुमच्या बहिणी? पत्रात 'आम्ही दोघं भाऊ' असं आलंय, पण 'ताईंचं लग्न रत्नागिरीतच झालं' असंही एक वाक्य आहे. वडिलांच्या मागे त्यांची नावं सातबाऱ्याला लागली आहेत का बघा. लागली असोत वा नसोत, त्यांचा हक्क आहे, आणि त्यांच्या सहीशिवाय केलेली वाटणी लंगडी राहते. दादांच्या बहिणींचंही तेच. हक्कसोड पत्र ही त्यांनी द्यायची गोष्ट आहे, आपण गृहीत धरायची नव्हे. ताईंना एखादा आर हवा असेल तर ते आत्ता कळलेलं बरं. आणि 'सही करून टाक गं, बाकी मी बघतो' असं म्हणून कागद पुढे सरकवू नका, ही विनंती.

मोजणीच्या दिवसाची तयारी अर्जदाराने करायची असते, हे पुष्कळांना त्या दिवशी सकाळी कळतं. रान आधी साफ करून घ्या, करवंदीच्या जाळीत मोजणी मशीनच्या प्रिझमची काठी उभी राहत नाही. हद्दीचे दगड, चुना, दोन गडी तुम्ही आणायचे. दगड म्हणून चिरेच घ्या, पण निम्मे जमिनीत जातील असे पुरा. अर्ज गणपतीच्या सुमारास केलात तर प्रत्यक्ष मोजणी भातकापणीनंतर येईल असं बघा, पावसाळ्यात कोकणात हद्द शोधणं म्हणजे चिखलात सुई. जुन्या खुणा म्हाताऱ्या माणसांना विचारून ठेवा. माझ्या आजोळी भूकरमापक दुपारपर्यंत एक दगड शोधत होता. विहिरीपासून मोजलं, शेजारच्या तीन हद्दी मिळतात तिथून मोजलं, जागेवर नुसता खड्डा. शेवटी मामी म्हणाली, "ह्यो तर नव्हं?" परसदारी वीस वर्षं ज्या दगडावर ती धुणं आपटत होती, त्याच्या पोटाला छिन्नीची फुली होती. हद्दीची खूण हलवणं हा महसूल कायद्याने दंडाचा विषय आहे, पण भूकरमापक नुसता हसला आणि त्याने पंचनाम्यात 'खूण मिळून आली नाही' असं लिहिलं.

खुणा घालताना दादा हजर असू देत आणि त्यांच्या मुलालाही बोलवा. प्रत्येक दगडाचा फोटो घ्या, विहिरीपासून आणि विजेच्या खांबापासून टेपने अंतर घेऊन वहीत लिहा. नकाशाची 'क' प्रत मिळाली की तिची झेरॉक्स दोन्ही घरांत. मोजणी चुकली असं कुणालाही वाटलं तर भांडण नको, निमताना मोजणीचा, म्हणजे तपासणीच्या फेरमोजणीचा, अर्ज करता येतो, तालुक्याचे उप अधीक्षक ती करतात. तीही पटली नाही तर वर जिल्हा अधीक्षकांकडे.

आणि दादा नाहीच म्हणाले तर? तर वर्षभर थांबा आणि एकदा पुन्हा जा, या वेळी ताईंना घेऊन. तरीही नाही म्हणाले, तर निदान बांधकामाला संमतीपत्र मागा. ते वाटणीची जागा घेत नाही, बँकेला चालेल याचीही खात्री नाही आणि पुढच्या पिढीचा प्रश्न तसाच राहतो, पण तुमच्या हयातीत डोक्यावर छप्पर येईल. तेही मिळत नसेल तर मी तुमच्या जागी एकही चिरा लावणार नाही. वाटपाचा दिवाणी दावा तुमचा हक्क आहे, पण ५८व्या वर्षी सुरू केलेला दावा कितव्या वर्षी संपेल याचा विचार पत्नीबरोबर बसून करा. त्यांनी पत्रातला प्रश्न तुमच्याआधी ओळखलाय असं मला वाटतं.

तोवर इंजिनिअरला सांगा, प्लॅन पेन्सिलीतच राहू दे. आणि स्वयंपाकघराची खिडकी त्याने गडग्याच्या बाजूला काढली आहे ती गोठ्यासमोर येते का, तेवढं बघून घ्या.